नवीन गोळ्या सुरू झाल्या, पण जुन्या बंद कुणी केल्या?

पत्र आलंय सांगलीजवळच्या एका गावातून. थोडं कापून देतेय, मजकूर त्यांचाच.

"ताई, माझे सासरे आण्णा, वय ७४. शुगर आणि बीपी बऱ्याच वर्षांपासून. गेल्या महिन्यात छातीत दुखलं, ॲडमिट केलं, ॲन्जिओप्लास्टी झाली, एक स्टेंट टाकला. घरी आल्यापासून इन्सुलिन पण चालू झालंय. आता हॉस्पिटलच्या गोळ्या वेगळ्या, फॅमिली डॉक्टरांच्या आधीपासूनच्या वेगळ्या, गुडघ्यासाठी हाडाच्या डॉक्टरांनी दिलेल्या वेगळ्या आणि वर वन्संनी पुण्याहून आणलेली शुगरची पुडी. दिवसाला चौदा-पंधरा गोळ्या होतात. दिवसा मी शाळेत असते तेव्हा ब्युरोच्या मावशी बघतात, आण्णांना गिळवत नाही म्हणून त्या सगळ्या गोळ्या खलबत्त्यात कुटून केळ्यातून देतात. मध्ये आठवडाभर शुगर ३०० च्या वर होती आणि परवा रात्री एकदम घामाने चिंब झाले, बघितली तर ५८. उठताना चक्कर येते. त्यात दाढ काढायचीय, दातांचे डॉक्टर म्हणाले रक्त पातळ करायच्या गोळ्या पाच दिवस बंद ठेवा. मिस्टर म्हणतात डॉक्टरांनी दिलंय तर सगळं द्यायचं. मला वाटतं एवढ्या गोळ्यांनीच त्यांना त्रास होतोय. कुठल्या बंद करू? आणि मी बंद केल्या आणि काही झालं तर घरात बोट माझ्याकडेच दाखवणार. शिवाय आषाढीचा उपवास धरणारच म्हणून हट्ट चाललाय."

सोबत पट्ट्यांचे, डिस्चार्ज कार्डाचे आणि इन्सुलिनच्या बाटलीचे फोटो पाठवलेत. बरं केलंत, फोटो नसते तर मला निम्मं कळलं नसतं.

नमस्कार. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे, नोकरी सगळी हॉस्पिटलच्या औषध विभागात झाली. त्यामुळे आण्णांची कुठली गोळी कायमची बंद करायची हे मी इथे बसून ठरवणार नाही, आणि तुम्हीही ठरवू नका. पण फोटो बघून एक गोष्ट मात्र अगदी ठाम सांगू शकते. तुमचा संशय अर्धा खरा आहे. गोळ्या जास्त आहेत म्हणून त्रास होतोय असं नाही, त्याच त्याच गोळ्या दोनदा जातायत म्हणून होत असावा.

डिस्चार्ज कार्डावर नवीन काय सुरू केलं ते टाइप केलेलं असतं. पण घरी आधीपासून जे चालू होतं त्यातलं काय बंद केलं हे बऱ्याच वेळा कुठेच लिहिलेलं नसतं. हॉस्पिटलवाले धरून चालतात की आमची यादी म्हणजे आता हीच यादी, फॅमिली डॉक्टरांना कोणी कळवलेलं नसतं, आणि घरचे धरून चालतात की हे नवीन, ते जुनं, दोन्ही द्यायचं. त्यात कोणाचा आळस आहे असं नाही, प्रत्येकाने आपापलं काम केलंय, फक्त मधला सांधा कोणाच्याच वाट्याला आलेला नाही. हे काही फक्त तुमच्या घरात घडत नाही बरं का, जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारे टाळता येण्यासारखे अपाय कमी करायची जगभरची मोहीम काढली तेव्हा ज्या तीन गोष्टींवर भर दिला त्यातली एक हीच होती, पेशंट एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो तेव्हाचा गोंधळ. दुसरी म्हणजे एकाच माणसाला खूप औषधं. आण्णा दोन्हीत बसतात.

आता फोटोकडे येऊ. हॉस्पिटलच्या कार्डावर इकोस्प्रिन ७५ (म्हणजे ॲस्पिरिन) आणि क्लोपिडोग्रेल ७५, या दोन रक्त पातळ करायच्या, ॲटोर्व्हास्टॅटिन ४०, टेल्मिसार्टन ४०, मेटोप्रोलॉल एक्सएल २५, पॅन्टोप्राझोल ४०, मेटफॉर्मिन एसआर ५०० सकाळ-संध्याकाळ आणि ३०/७० चं, म्हणजे दोन प्रकार मिसळलेलं, इन्सुलिन. घरातल्या जुन्या डब्यात इकोस्प्रिन-एव्ही, टेल्मा-एएम आणि एक तीन औषधांची मिळून शुगरची गोळी. नावं वेगळी, रंग वेगळे, कंपन्या वेगळ्या, त्यामुळे तुम्हाला त्या वेगळ्या गोळ्या वाटल्या, कोणालाही वाटतील. पण पट्टीच्या मागे ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरात जे घटक छापलेले असतात ना, तिथे बघा. इकोस्प्रिन-एव्ही म्हणजे ॲस्पिरिन अधिक ॲटोर्व्हास्टॅटिन. म्हणजे ॲस्पिरिन दोनदा, कोलेस्टेरॉलची गोळी दोनदा. टेल्मा-एएम म्हणजे टेल्मिसार्टन अधिक ॲम्लोडिपिन. म्हणजे टेल्मिसार्टन दोनदा, वर ॲम्लोडिपिन, वर मेटोप्रोलॉल. बीपीची तीन औषधं आणि त्यातलं एक डबल. उठताना चक्कर येते म्हणालात, मला तर आश्चर्य वाटतंय की ते अजून पडले कसे नाहीत. आणि ती तीन औषधांची शुगरची गोळी म्हणजे ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन, व्होग्लिबोज. मेटफॉर्मिन हॉस्पिटलने दिलंच आहे, ते झालं डबल. ग्लिमेपिराइड मात्र कार्डावर कुठेच नाही, आणि ती शरीराला स्वतःचं इन्सुलिन जास्त सोडायला लावणारी गोळी आहे. बाहेरून इन्सुलिन सुरू झाल्यावर ती चालू ठेवायची का, निम्मी करायची का, बंद करायची, हे डॉक्टर ठरवतात, पण कोणीतरी ठरवायला तर पाहिजे ना. तुमच्याकडे ते कोणी ठरवलंच नाही, ती डब्यात होती म्हणून चालू राहिली. ५८ चं पहिलं कारण मला तरी तिथेच दिसतंय.

म्हणून आज, हा मजकूर वाचून झाल्यावर, संध्याकाळच्या डोसच्या आधी, डिस्चार्ज कार्डावर जो नंबर असेल त्यावर फोन लावा. आणि "आण्णांना बरं वाटत नाहीये" असं मोघम सांगू नका, तसं सांगितलं की "घेऊन या" एवढंच उत्तर येतं. असं म्हणा: इन्सुलिन सुरू असताना शुगर ५८ झाली, घरात जुनी ग्लिमेपिराइडची गोळी पण चालू आहे, ठेवू की बंद करू? ॲस्पिरिन, ॲटोर्व्हा आणि टेल्मिसार्टन दोन-दोन पट्ट्यांमधून जातंय, जुन्या पट्ट्या बंद ना? ॲम्लोडिपिन तुमच्या कार्डावर नाही, मुद्दाम काढलंय का? असं विचारलं की समोरच्याला दोन मिनिटांत उत्तर देता येतं. ॲम्लोडिपिन त्यांनी विचार करून काढलं की त्यांना ते माहीतच नव्हतं हे मला फोटोवरून कळणार नाही, ते त्यांनाच माहीत. फोनवर कोणी भेटलंच नाही तर फॅमिली डॉक्टरांकडे जा, पण तेच तेच औषध दोन पट्ट्यांतून देणं तेवढं आजपासून थांबवा, कार्डावरची द्या आणि तोच घटक असलेली जुनी पट्टी बाजूला ठेवा. आणि कोणाशीही बोलणं होईपर्यंत शुगर जेवणाआधी आणि झोपताना बघत राहा, इन्सुलिनच्या आधी ७० च्या खाली दिसली तर डोस टोचायच्या आधी फोन.

परवाच्या रात्रीबद्दल अजून थोडं. शुगर उतरली की माणूस थरथरतो, छातीत धडधडतं, असं सगळ्यांना माहीत असतं. पण आण्णांना मेटोप्रोलॉल चालू आहे आणि ती गोळी धडधड आणि थरथर दोन्ही दाबून टाकते. घाम तेवढा राहतो. त्यामुळे त्यांच्या बाबतीत अचानक घाम, गप्प होणं, चिडणं, असंबद्ध बोलणं यातलं काहीही दिसलं की आधी शुगर बघायचं मशीन काढायचं, "उकाड्याने असेल" म्हणून पंखा लावत बसायचं नाही. ७० च्या खाली असली आणि शुद्धीवर असतील तर लगेच १५ ग्रॅम गोड, १५ मिनिटांनी परत तपासायचं, अजून कमी असेल तर परत तेवढंच, आणि वर आली की मग भाकरी, पोळी, बिस्किटं काहीतरी खायला द्यायचं. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या फॅटमुळे साखर रक्तात सावकाश जाते.

आणि इथे एक गंमत आहे जी फार कमी घरांना माहीत असते. त्या तीनमधली व्होग्लिबोज ही आतड्यात साखर फोडण्याचं कामच थांबवणारी गोळी आहे. म्हणजे ती पोटात असताना तुम्ही साखर-पाणी दिलंत तर ते हवं तेवढ्या पटकन लागू पडत नाही. अशा पेशंटला मेडिकलमध्ये मिळते ती ग्लुकोज पावडरच लागते, कारण ग्लुकोज फोडावं लागत नाही. एक डबा आणून ठेवा, उशाशी, देवघरात नाही. ग्लिमेपिराइडमुळे उतरलेली शुगर एकदा वर आली तरी काही तासांनी परत उतरू शकते, त्यामुळे त्या रात्री "झालं आता, झोपा" करायचं नाही, मध्येमध्ये उठवून तपासायची. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही, सरळ १०८.

मग आधीच्या आठवड्यात ३०० च्या वर का होती? बाटलीचा फोटो नीट मोठा करून बघितला, त्यावर ४० युनिट प्रति मिली लिहिलंय. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या साधारण ४० च्या असतात आणि पेनमधल्या काट्रिज १०० च्या, आणि सिरिंज दोन्हीसाठी वेगळ्या येतात. ४० च्या सिरिंजला लाल टोपी, १०० च्या सिरिंजला केशरी. तुमच्या एका फोटोत मागे ओट्यावर केशरी टोपीची सिरिंज दिसतेय. कोणी आणली, कधी आणली, मला माहीत नाही, पण त्या आठवड्यात सिरिंजचं पाकीट संपून नवीन आणलं होतं का हे आठवून बघा. कारण ४० च्या बाटलीतून केशरी सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं तर आत जातात फक्त ८ युनिट. आणि उलट, १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने घेतलं तर अडीच पट जास्त, ते तर जीवावरचं. समजा त्या आठवड्यात शुगर जास्त येतेय म्हणून कोणी फोनवर विचारून डोस वाढवला असेल आणि नंतर परत लाल टोपीची सिरिंज आली असेल, तर ५८ ला आणखी एक कारण मिळालं. म्हणून आज फोन करताना डोस किती चाललाय आणि सिरिंज कुठली होती हेपण सांगा. आणि केशरी टोपीच्या सगळ्या सिरिंज आजच घराबाहेर काढा, "असू दे लागतील कधीतरी" म्हणून सुद्धा ठेवू नका.

३०/७० चं इन्सुलिन ढगाळ असतं, ते टोचायच्या आधी बाटली दोन्ही तळव्यांत हळू फिरवायची, जोरात हलवायची नाही. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, पण फ्रीजरला चिकटवून नको, गोठलं की वाया गेलं. वापरात असलेली साधारण चार आठवड्यांत संपवायची, बाटलीवर उघडल्याची तारीख पेनाने लिहून टाका. आणि टोचलं की नंतर "अजून भात व्हायचाय" असं व्हायला नको, ताट तयार असल्याची खात्री करूनच टोचायचं. जेवायचं नाही म्हणाले तर किती घ्यायचं हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या, त्या वेळी विचारायला कोणी मिळत नाही.

आता खलबत्ता. मावशींना बोलू नका, त्यांच्या दृष्टीने त्या मायेनेच करतायत, कुटून का होईना औषध पोटात तर जातंय. पण काही गोळ्या कुटल्या की त्या गोळ्या राहतच नाहीत. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर, एक्सएल, सीआर असं काही असलं की ती गोळी दिवसभर हळूहळू सुटण्यासाठी बनवलेली असते. मेटोप्रोलॉल एक्सएल कुटली की पूर्ण दिवसाचं औषध एकदम सुटतं, नाडी मंद होते, बीपी पडतं, चक्कर. परत तीच चक्कर! मेटफॉर्मिन एसआरचंही तेच, आणि पॅन्टोप्राझोलवर जे कव्हर असतं ते पोटातल्या ॲसिडपासून औषध वाचवण्यासाठीच असतं, कुटली की औषध पोटातच नासतं. इकोस्प्रिन ७५ वरही तसंच कव्हर असतं, फक्त तिथे औषधापेक्षा पोट वाचवायचं असतं. गिळवत नाही ही खरी अडचण आहे, तर डॉक्टरांना तेच सांगा, की आण्णांना गिळवत नाही. बऱ्याच गोळ्यांना विरघळणारे, पातळ किंवा छोटे पर्याय असतात, निदान कोणती कुटता येते आणि कोणती नाही हे तरी लिहून मिळेल. सरळ बसवून, हनुवटी थोडी खाली ठेवून, पाण्याच्या एका घोटानंतर एकच गोळी, असं दिलं तरी बऱ्याच म्हाताऱ्या माणसांना जमतं, घाई केली की अडकते. आणि हो, मेटफॉर्मिन एसआर पूर्ण गिळायला लागले की कधीतरी संडासात अख्खी गोळी पडल्यासारखं दिसेल. घाबरू नका, ते रिकामं टरफल असतं, औषध आत गेलेलं असतं.

मावशींनी औषध द्यावं का, असं तुम्ही थेट विचारलं नाहीत पण तोच प्रश्न आहे. गोळी हातात देणं, पाणी देणं, घेतली की वहीत टिक करणं, हे त्यांनी करावं. इन्सुलिन भरणं आणि टोचणं सकाळी तुम्ही आणि रात्री मिस्टरांनी, ३०/७० बहुतेक दोनदाच असतं, जमण्यासारखं आहे. मिस्टरांनी शिकावंच, "डॉक्टरांनी दिलंय तर सगळं द्यायचं" म्हणणाऱ्याने निदान दोन वेळांपैकी एक वेळ तरी आपल्या हाताने द्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. मावशींना पट्टीवरचं इंग्रजी वाचता येत नसेल तर प्रत्येक वेळेच्या गोळ्या तुम्ही आदल्या रात्री आठवड्याच्या डब्यात लावून ठेवा, सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे असलेले प्लास्टिकचे डबे मेडिकलमध्ये मिळतात, महाग नसतात. गोळ्यांच्या पट्ट्या मात्र कापून फेकू नका, नाव आणि एक्स्पायरी तिथेच असते, आणि कापलेल्या तुकड्यावर नेमकं तेच नसतं. रंगावरून ओळखायची सवय लावू नका, पुढच्या महिन्यात जन औषधीतून घेतल्या किंवा मेडिकलवाल्याने दुसरी कंपनी दिली की रंग बदलतो, औषध तेच. जन औषधीतून घ्यायला काही हरकत नाही, उलट खर्च बराच उतरेल, फक्त जुनी पट्टी आणि नवीन पट्टी एकाच वेळी चालू नको, नाहीतर परत पहिल्यापासून.

गुडघ्याची गोळी. ॲसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल. हाडाच्या डॉक्टरांना स्टेंट टाकलाय हे माहीत होतं का? बहुतेक गोळ्या त्याच्या आधीच्या असाव्यात. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू असताना वर पेनकिलर म्हणजे पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते, टेल्मिसार्टनच्या जोडीला पेनकिलर म्हणजे किडनीवर ताण, आणि हृदयाच्या पेशंटला या जातीच्या गोळ्यांनी स्वतंत्र धोका असतोच. ब्रुफेनची जात तर ॲस्पिरिनच्या कामातच आडवी येते. त्यामुळे मेडिकलमध्ये "गुडघ्यावर काहीतरी द्या" म्हणून मागायचं आजपासून बंद. नुसतं पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात सुरक्षित, पण तेही किती आणि किती वेळा ते विचारून, शिवाय सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं हे लक्षात ठेवून. शेक, मलम, हलका व्यायाम, काठी. आण्णांना काठी घ्यायला लाज वाटत असेल, पण पडून खुबा मोडण्यापेक्षा काठी बरी.

ॲसिडिटीचंही एक. पॅन्टोप्राझोल संपली की मेडिकलवाला ओमेप्राझोल देतो, "एकच हो" म्हणतो. इतर कोणाला चालेल, क्लोपिडोग्रेलवाल्याला नको, ओमेप्राझोलमुळे क्लोपिडोग्रेलचा असर कमी होतो. आणि कोणी "बीपी आहे तर लो सोडियम मीठ वापरा" सांगितलं तर थांबा, त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं आणि टेल्मिसार्टनवर पोटॅशियम आधीच वाढायला बघतं. साधंच मीठ, कमी. क्रिएटिनिन (किडनीचं काम कळतं ती) आणि पोटॅशियमची रक्त तपासणी पुढची कधी करायची हेपण एकदा विचारा.

वन्संची पुडी. त्यावर कंपनी नाही, घटक नाहीत, लायसन्स नंबर नाही. आयुर्वेदाशी माझं भांडण नाही, पण अशा बिननावाच्या शुगरच्या पुड्यांमध्ये ॲलोपॅथीचीच शुगरची गोळी किंवा स्टिरॉइड मिसळलेलं सापडल्याची प्रकरणं झालेली आहेत, आणि आण्णांची शुगर नुकतीच ५८ झालेली असताना मला त्यात काय आहे हे माहीत नसलेलं काहीही त्यांच्या पोटात गेलेलं नको. वन्संना दुखवायचं नसेल तर म्हणा, डॉक्टरांनी सध्या बंद ठेवायला सांगितलंय. डॉक्टरही तेच सांगतील, पुडी दाखवून बघा.

दाढ! हे मी सगळ्यात आधी लिहायला हवं होतं असं वाटेल कोणाला, पण तुम्ही अजून गोळ्या बंद केलेल्या नाहीत हे पत्रातून दिसलं म्हणून जरा निवांत आले. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दातांच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून बंद करायच्या नाहीत, हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवससुद्धा नाही. स्टेंटला जेमतेम महिना झालाय. या दोन गोळ्या स्टेंटच्या आत गुठळी होऊ नये म्हणून आहेत आणि पहिल्या काही महिन्यांत त्या मध्येच थांबवल्या तर स्टेंट बंद पडून मोठा अटॅक येऊ शकतो. एक दाढ काढायची असेल तर बऱ्याचदा गोळ्या चालू ठेवूनही काढता येते, जागेवर टाका घालून, दाबून धरून, रक्त थांबवायचं औषध लावून. किंवा ठणका नसेल तर काही महिने पुढे ढकलता येते. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी फोनवर बोलायला सांगा, तुम्ही मधल्या निरोप्या होऊ नका. संडास डांबरासारखा काळा झाला, लघवीतून रक्त आलं, डोक्यावर पडले, तर मात्र वाट न बघता हॉस्पिटल. हातावर छोटे निळे डाग उठणं या गोळ्यांवर होतंच, ते पुढच्या भेटीत दाखवलं तरी चालेल.

आता तुमचा खरा प्रश्न, बोट तुमच्याकडे दाखवतील तो. त्यासाठी एक कागद करायचाय. घरात असेल नसेल ते सगळं औषध, पुडी, मलम, डोळ्यातले थेंब, सिरिंज, सगळं एका पिशवीत भरा आणि पिशवीसकट फॅमिली डॉक्टरांकडे जा, मिस्टरांना बरोबर घेऊनच. त्यांच्यासमोर एक यादी बनवून घ्या: औषधाचं खरं नाव, कशासाठी, किती, केव्हा, जेवणाआधी की नंतर, आणि कोणाच्या सांगण्यावरून. खाली दुसरी यादी, बंद केलेली औषधं, तारखेसकट. या दुसऱ्या यादीसाठी आग्रह धरा, ती कोणी आपणहून देत नाही. वर ॲलर्जी असेल तर ती. डॉक्टरांची सही. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाका, वन्संसकट. यापुढे कुठल्याही डॉक्टरांकडे, दातांच्या, डोळ्यांच्या, कोणाच्याही, आधी हा कागद टेबलावर, मग तक्रार. यादीत बदल झाला की फॅमिली डॉक्टर किंवा हार्टचे डॉक्टर यांपैकी जो एक जण ठरवाल त्यालाच कळवायचं, दोघांनी वेगवेगळं बदलायचं नाही. असं झाल्यावर सुनेने गोळी बंद केली असं कोणी म्हणायला जागा राहत नाही. बंद झालेल्या पट्ट्या परत डब्यात नको, शेजारच्या काकांना तर अजिबात नको. पट्टीतून काढून चहाच्या चोथ्यात मिसळून पिशवी घट्ट बांधून कचऱ्यात टाका.

कुठल्या औषधाचा त्रास झाला असं डॉक्टरांनाही वाटलं तर १८००-१८०-३०२४ हा सरकारी टोल फ्री नंबर आहे, औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करण्यासाठी, पेशंटच्या घरचेही करू शकतात. तिथे उपचार सांगत नाहीत हं, नोंद होते फक्त.

राहिला आषाढीचा उपवास. नाही म्हटलं की आण्णा गुपचूप धरतील, आणि गुपचूप धरलेला उपवास अधिक इन्सुलिन हे सगळ्यात वाईट. त्यामुळे आठ-दहा दिवस आधी डॉक्टरांना विचारा, स्टेंटला एवढेच दिवस झालेत तर बहुतेक यंदा नकोच म्हणतील. ते त्यांच्या तोंडून आण्णांना ऐकवा, तुमचं ऐकणार नाहीत पण हार्टच्या डॉक्टरांचं ऐकतील. परवानगी मिळालीच तर त्या दिवशीचा इन्सुलिनचा डोस वेगळा, तो लिहून घ्यायचा, आणि उपवास म्हणजे निर्जळी नाही, दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं खायचं. साबुदाणा खिचडी ताटभर खाल्ली की शुगर वर जाणार, त्यापेक्षा भगर, शेंगदाण्याची आमटी, ताक, तेही मापात. गोळ्या उपवासाला चालतात, औषधाला पाप नसतं हे आमच्या आजीसुद्धा म्हणायच्या. चार वेळा शुगर बघायची, आणि ७० च्या खाली गेली की उपवास तिथेच सोडायचा, ग्लुकोज घेऊन.